दुसरा इशारा

कप्तानसाहेबांनी तिसऱ्यांदा माफी मागितली, तेव्हा शाळेच्या बाईंनी बशी उचलून त्यांच्या कपावर पालथी घातली.

"चहा निवतोय, साहेब."

साहेबांचं चहाकडे लक्ष नव्हतं. शांतिसेनेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत माणूस निम्मा झाला होता. नऊ वर्षांपूर्वी या गावाच्या रक्षणासाठी त्यांची तुकडी नदीपलीकडच्या छावणीत होती. गाव जळालं, एकतीस माणसं गेली. तुकडी पोचली ती सगळं संपल्यावर.

चौकशी समितीला आता कुठे जाग आली होती. साहेबांना उद्या जबाब द्यायचा होता, आणि त्यावर साक्षीदार म्हणून बाईंची सही हवी होती.

"बावळटपणा माझाच," साहेब म्हणाले. "दोन वॉकीटॉकी दिले. एक तुम्हाला, एक शिंप्याला. हल्लेखोर दिसले की बोलायचं नाही, नुसतं बटण तीनदा दाबायचं. छावणीत तीन खटके ऐकू येणार, कोणाचे ते कळणार नाही."

"आणि पोरांनी पहिल्याच महिन्यात तुम्हाला अकरा वेळा पळवलं," बाई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. "म्हणून मी नियम केला. दोघांकडून इशारा आला तरच गाड्या निघतील. प्रत्येकाने एकदाच द्यायचा, नाहीतर एकाचेच दोन मोजले जातील. पोरांनी दाबू नयेत म्हणून बटणांवर शिक्का मारलेल्या, दाबताच फाटतील अशा कागदी पट्ट्यासुद्धा मीच चिकटवल्या. फार अक्कल चालवली."

बाईंनी कपावरची बशी नीट केली.

"त्या सकाळी तीन खटके आले. मी गाड्या चालू करून ठेवल्या आणि दुसऱ्या इशाऱ्याची वाट बघत बसलो. चाळीस मिनिटं. तुम्ही जीव मुठीत धरून बटण दाबलंत आणि मी नियम कवटाळून बसलो. मला झोप लागत नाही, बाई."

शिंपी त्याच्या दुकानातच जळाला, वॉकीटॉकीसकट. बाई दुसऱ्या दिवशी शाळेच्या माळ्यावर सापडल्या, तापाने फणफणलेल्या. तेव्हापासून गावात त्यांचा मान मोठा. शिंप्याची ऐन वेळी दातखीळ बसली, असं लोक म्हणत, आणि त्याच्या बायकोला 'दातखिळीची' म्हणून ओळखत.

"तुमचा वॉकीटॉकी सापडला का हो पुढे?" साहेबांनी विचारलं.

"त्या धावपळीत कुठे पडला कोण जाणे."

"असो." साहेबांनी कागद पुढे केला. "शिंप्याकडून इशारा आला नाही, असं त्यात लिहावं लागलंय. मेलेल्या माणसावर ढकलायचं जिवावर येतं. पण तुम्ही नुसतं म्हणालात की हे नको, तर मी खोडून टाकतो."

बाईंनी कागद दोनदा वाचला. पेन घेतलं, सवयीने शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि खाली सही केली.

"सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका, साहेब. दोष काही तुमच्या एकट्याचा नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि निघाले. फाटकाशी त्यांना पडद्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई भेटली. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

ती शिंप्याची बायको होती. गावात तिला कोणी शिवणकाम देत नसे. शाळेच्या बाईंच्या घरचे पडदे मात्र वर्षातून तीनदा बदलत. बाईंचं मन मोठं, असं गाव म्हणे.

"हे छावणीतले साहेब ना?" तिने गाठोडं खाली ठेवलं. "आमच्या माणसाचं काही निघालं का हो?"

"नाही, वहिनी."

"ते घाबरणारे नव्हते. बोटात सुई गेली तरी हूं की चूं करायचे नाहीत." तिने पडदे पुढे केले. "तुम्ही तरी मला टाकलं नाहीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

बाईंना तिच्या तोंडाकडे बघवेना. घडी घातलेले पडदे त्या पुन्हा उलगडून बघू लागल्या, टाके तपासत असल्यासारख्या. "छान झालेत," एवढंच कसंबसं म्हणाल्या.

वहिनी गेल्यावर बाईंनी दाराला कडी लावली आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. आत नवेकोरे पडदे काठोकाठ भरले होते, एकदाही न लावलेले. त्यांच्या तळाशी हात घालून त्यांनी वॉकीटॉकी बाहेर काढला आणि पदराने पुसला.

बटणावरची कागदी पट्टी पिवळी पडली होती. शिक्का पुसट झाला होता. पण पट्टी कुठेही फाटलेली नव्हती.