कॉफीचं दळण

यंत्र अजून घरघरतच होतं. चार चमचे बिया, पण आवाज असा की पोतंभर दळण काढलंय.

हॉलमध्ये सासूबाईंनी पेपर बाजूला ठेवला. आठवडाभर त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. मुलाला चांगल्या कॉफीचं वेड लागल्यापासून घरात बिया तोलायचा काटा आला, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आला, सगळी थेरं आली. खोटं कशाला बोला, सासूबाईंनाही त्या कॉफीची चटक लागली होती. शेजारणीकडचा चहा आता त्यांच्या घशाखाली उतरत नसे. पण सुरुवातीला यंत्राचं काम चुटकीसरशी व्हायचं. हल्ली सून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि दळतच राहायची. पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यांनी कानोसा घेतला. मघाची करकर थांबली होती, आता नुसतीच पोकळ घरघर. म्हणजे आत बी नाही, काही नाही. उभा जन्म मिक्सर फिरवलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको. रिकामं यंत्र माणूस कशाला चालवेल? आपलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणूनच ना. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. नक्की कोणीतरी असणार फोनवर. पोराचा संसार मोडायला निघाली ही.

आणि पोरगा बिचारा टेबलाशी बसलेला, समोर रिकामा कप. कधी आवाज चढवणार नाही. कॉफी बिघडली तर चकार शब्द न काढता उठतो, बेसिनमध्ये ओततो आणि परत येऊन बसतो. दुसरी येईपर्यंत. काल तर त्याने आईच्या हातातलाही कप काढून घेतला. "ही नको पिऊस, आई." किती काळजी, असं त्यांनी शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं. खरं तर ती कॉफी त्यांना चांगली लागली होती.

त्या उठल्या आणि हळूच दार ढकललं.

सून पाठमोरी होती. अंगठा यंत्राच्या बटणावर, फोन मान वाकडी करून खांद्याशी धरलेला.

"दादा, ये ना रे. घेऊन जा मला. नाही, मारत नाही. शिव्यापण देत नाही. ओततो फक्त. अरे, कॉफी. हसू नकोस ना. रोज ओततो. कप ठेवला की मी त्याच्या खुर्चीकडेच बघत राहते, उठतोय का म्हणून."

शेजारचं बेसिन पांढरं होतं. जाळीपर्यंत त्यात एक तपकिरी ओघळ पडला होता, घासूनही न गेलेला.

"अजून किती दळणार?" बाहेरून मुलाचा शांत आवाज आला.

सून दचकून वळली. दारात सासूबाई. तिचा अंगठा सुटला आणि यंत्र थांबलं. फोनमधून भाऊ हॅलो, हॅलो करत होता.

सासूबाई भरपूर काही बोलायचं ठरवून आल्या होत्या. त्यांनी बेसिनमधल्या त्या ओघळाकडे पाहिलं.

"मीच सांगितलं तिला," त्या हॉलच्या दिशेने म्हणाल्या. "जाड राहिलं होतं."

मग पुढे होऊन त्यांनी स्वतःचं बोट बटणावर दाबलं. रिकामं यंत्र पुन्हा घरघरायला लागलं.

"तू बोल," त्या सुनेला म्हणाल्या. "हे मी धरते."