शनिवारचा घाणा

"जोरात ओढ रे," रोहिणीबाई म्हणाल्या. सुजयने सदऱ्याला धरून रितेशला बाकावरून खाली ओढलं. सातवीचा वर्ग हसला.

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं नाटक होतं. संस्थापक आबासाहेबांचं चरित्र, चार प्रवेशांत. तिसऱ्या प्रवेशात मोझेस तेली आपल्या घाण्यावर बसलेला असतो. मुलांच्या शाळेला जागा द्यायला तो नकार देतो आणि वर खदाखदा हसतो. आबासाहेब त्याला खाली ओढतात, घाणा थांबवतात आणि त्याच मांडवात शाळा सुरू करतात. तारीख बारा जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. शाळेच्या दारावरच्या फरशीवरही तीच कोरलेली होती. नाटक अध्यक्ष गुणाजीरावांनी स्वतः लिहिलं होतं. आबासाहेब त्यांचे आजोबा. आबासाहेबांचं काम करणारा सुजय त्यांचा नातू.

रितेश मोझेस झाला होता, पण घाणा त्याने जन्मात पाहिला नव्हता. म्हणून बाईंनी दोघांना एझ्रामास्तरांकडे पाठवलं. मास्तर मोझेसचे नातू. याच शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. सगळे भाऊबंद इस्रायलला गेले. मास्तर गेले नाहीत.

मास्तरांनी अंगणात खांब रोवला, त्याला वासा बांधला, सुजयच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला बैल केलं आणि रितेशला मागे चालायला लावलं. दोघं दमेपर्यंत फिरले. मग रितेशने तिसरा प्रवेश वाचून दाखवला, हसण्यासकट. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं की त्या तारखेला वार कोणता होता. पोरांना काय ठाऊक. मास्तरांनी खडू दिला आणि अंगणातल्या फरशीवर मोजायला बसवलं. लीप वर्षं दोनदा चुकली. त्यांनी उत्तर सांगितलं नाही, फक्त पुन्हा मोजायला लावलं. तिसऱ्यांदा शनिवार आला.

तेव्हा मास्तर बोलले. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी मोझेसच्या घरी काम नसे. घाणा बंद, बैल मोकळा, चूलही थंड. त्यावरूनच तर लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्या दिवशी मांडव रिकामा असायचा, म्हणून तो मोझेसने आपणहून शाळेला दिला होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो पेंड आवरायचा, जमीन झाडून ठेवायचा. पहिली दोन वर्षं शाळा फक्त शनिवारीच भरली ती त्यामुळे.

रितेश तावातावाने वर्गात आला. घाणा बंद होता तर आबासाहेबांनी ओढलं कोणाला, असं त्याने विचारलं. आठ दिवस आपण फुकटच खदाखदा हसत होतो, याचा त्याला जास्त राग आला होता. सुजयने वहीत तो वार पुन्हा मोजून पाहिला.

रोहिणीबाई त्याच दुपारी अध्यक्षांकडे गेल्या. गुणाजीरावांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. पेणहून पाहुणे येणार होते. नाटक म्हटलं की कोणीतरी वाईट लागतोच, असं ते म्हणाले.

"आणि बाई, त्यांच्यातलं आता राहिलंय कोण इथं वाईट वाटून घ्यायला?"

बाईंनी एझ्रामास्तरांचं नाव घेतलं. गुणाजीराव हसले. मास्तर देवमाणूस, ते कधी काही बोलणार नाहीत, असं म्हणाले. मग जाता जाता आठवण केली, की बाईंची कायम होण्याची ऑर्डर टेबलावर आहे, सही तेवढी राहिली आहे.

घरी जाईपर्यंत बाईंचे कान तापलेले होते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, की नाटक लिहिलंय तसंच होईल. हे सांगताना त्यांना मुलांकडे बघवलं नाही.

कार्यक्रमाला मैदान भरलं. पहिल्या रांगेत पाहुणे आणि गुणाजीराव. तिसरा प्रवेश सुरू झाला. रितेश घाण्यावर बसलाच नाही. तो वाकून जमीन झाडत होता. सुजय आत आला, त्याच्याजवळ गेला आणि थांबला. त्याने ओढायला हात पुढे केला नाही. हात जोडले.

"मोझेसभाऊ, उद्या शनवार. तुमचा घाणा बंद. पोरं बसवू का इथं?"

"बसवा की," रितेश म्हणाला. "झाडूनच ठेवतोय."

टाळ्या पडल्या. गुणाजीराव ताडकन उठले. पडदा टाकायला सांगून ते थेट रंगमंचावर चढले. नातवाचा दंड धरला आणि माईक चालू आहे याचं भान न ठेवता ओरडले, "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

रोहिणीबाईंनी यातला शब्दही मुलांना शिकवला नव्हता. तसं सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या. त्या विंगेतून पुढे आल्या.

"मी," त्या म्हणाल्या.

मागच्या रांगेतून एझ्रामास्तर उठले. काठी टेकत, माणसांतून वाट काढत ते रंगमंचापर्यंत आले. एवढं चालून त्यांना धाप लागली होती. खालूनच त्यांनी वर पाहिलं.

"नाय गो बाय, तू नाय. मी शिकवलंय." मग त्यांनी मान वळवली. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसे ते सावकाश बोलले. "आणि तुलापण मीच शिकवलं होतं, गुणाजी. तू सातवीत असताना मी हा प्रसंग बसवला, तेव्हा जमीन झाडणारा मोझेस तू झाला होतास."