चेनचं कव्हर

शेवटचा बोल्ट सुटला तरी कव्हर हलेना. थोरलीने फटीत पातळ पट्टी घातली, लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं, तेव्हा कुठे ते चर्रकन सुटलं आणि इंजिनाच्या आतली टायमिंग चेन उघडी पडली.

"तुटली असेल," अप्पा स्टुलावरून म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून गॅरेज थोरलीच चालवायची. बाप नुसता आवाजावरून काम बघायचा.

"चेन शाबूत आहे, अप्पा."

"मग तेलच संपलं असेल. शंभरदा सांगितलं होतं त्याला, जुनी गाडी आहे, म्हाताऱ्या माणसासारखी सांभाळ. पण ऐकेल तो जावई कसला!"

गाडी धाकटीच्या नवऱ्याची होती. दोन दारांची, जुनी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची स्पोर्ट्स कार. जीव टाकायचा तो तिच्यावर. पुलाच्या उतारावर तिचं इंजिन एकाएकी जाम झालं आणि मागच्या ट्रकला ब्रेक दाबायलाही सवड मिळाली नाही. तो जागीच गेला. मागची बाजू चेपून पुढच्या सीटला भिडली होती. पुढे मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

त्याच्याच निष्काळजीपणाने झालं, असं सगळे म्हणत होते. धाकटी तर सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. "एवढंसं तेल बघता येत नव्हतं, आणि निघाला होता संसार करायला!" नवऱ्याचा फोटो तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. रडली नव्हती. त्या रागावरच उभी होती ती. भंगारात द्यायच्या आधी इंजिन उघडून बघ, हेही तिनेच सांगितलं होतं.

थोरलीने कव्हरची कड चाचपली. बाहेरून, गळती बुजवायला लावलेलं सीलर नीट पुसलेलं होतं. आतल्या अंगाला मात्र ते जास्तीचं दाबलं जाऊन जाड ओठासारखं लोंबत होतं. मध्ये मध्ये तो ओठ नव्हताच. तुटून कुठेतरी गेला होता.

तेल तिने आधीच टबात काढून ठेवलं होतं. गाडीखाली सरकून तिने इंजिनाच्या तळाचं ऑइल चेंबर खाली घेतलं. पंपाच्या तोंडाशी बसवलेली जाळी आता समोर होती. तेल तिथूनच वर चढतं. जाळी काळ्या वातींनी गच्च बुजली होती. चिमट्याने तिने एक वात ओढली. रबरासारखी ताणत ती बाहेर आली.

"अप्पा, कव्हर गळत होतं तेव्हा सीलर तुम्हीच लावलं होतं ना?"

"मग! जावयाच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार होतो होय? धाकटीची सारखी कुरकुर, दारात तेलाचे डाग पडतात म्हणून. म्हटलं, थांब, एक थेंब गळू देणार नाही. नंतर पडला का एक तरी डाग? विचार तिला." ते बोलता बोलता थांबले. "का गं?"

थोरली बाहेर आली आणि ती वात त्यांच्या तळहातावर ठेवली.

अप्पांनी ती अंगठ्याखाली चोळली. नाकाशी नेली. पुन्हा चोळली.

"कुठे होतं हे?"

"जाळीत."



"नवं सीलर घे," ते म्हणाले. "चेंबर लाव, कव्हर बसव. भंगारवाला घेऊन जाईल. तिला काय सांगायचं ते मी सांगतो."

"काय सांगणार?"

"सगळे म्हणतात तेच. तिला आता बापच उरलाय गं."

थोरलीने चेंबर लावलं. कव्हरची कड खरवडली, पुसली आणि तिच्यावर नव्या सीलरची रेघ ओढायला घेतली. सुतासारखी बारीक. अर्ध्या कडेपर्यंत ती आली असेल नसेल, तोच दारातून आवाज आला.

"सापडलं काही, ताई?"

धाकटी कामावरून परस्पर आली होती. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. अप्पांनी मूठ मिटली.

"नव्हतंच ना तेल?" धाकटीने विचारलं. "वाटलंच होतं मला."

थोरलीने सीलरची ट्यूब खाली ठेवली. कोपऱ्यातला टब काठोकाठ भरलेला होता.

"तेल भरपूर होतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

थोरलीने बापाकडे पाहिलं. अप्पा स्टुलावरून उठले. चाचपडत, मडगार्ड धरत धरत ते धाकटीच्या आवाजाच्या रोखाने दोन पावलं गेले आणि मूठ उघडून हात पुढे केला.

"मी लावलेलं सीलर जास्त झालं, पोरी. तुटून आत पडलं. तेलाची वाटच बुजली."

धाकटी त्या काळ्या वातीकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा असा सैल पडत गेला, जणू आतून कुणी धरून ठेवलेलं सोडून दिलं.

"म्हणजे त्याने तेल बघितलं होतं," ती म्हणाली.

ती अप्पांच्या बाजूने गाडीपाशी गेली, उघड्या इंजिनावर दोन्ही हात टेकले आणि तिला पहिला हुंदका फुटला. थोरली धावली, तिने तिला मागून धरलं.

अप्पांचा तळहात तसाच पसरलेला होता. तो कुणी मिटला नाही.