दिसली त्याच वाटेनं

“डॉक्टर, ज्या वाटेनं गाठ दिसली, त्याच वाटेनं ती काढता येत नाही का?”

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात मंजुश्रीनं कन्नडमध्ये खणखणीत विचारलं आणि तिचे कान तापले. वाट कुठली, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. घरात महिनाभर सगळे नुसतं ‘पोटाचं दुखणं’ म्हणत होते. आईच्या शौचाच्या जागेतून दुर्बीण घातली, आतड्यात कॅन्सरची लहानशी गाठ दिसली, हे कुणी तोंडावर आणलंच नव्हतं. तिच्या वर्गातली दीपमाला म्हणाली होती, “इचारून दाखव की! भाषणात बक्षिसं घेतीस, तिथं दातखीळ बसंल बघ.”

घ्या! विचारलं!

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “येतं की. बरं झालं विचारलंस. तुझ्या अप्पांनी आल्या आल्या ऑपरेशनची तारीखच मागितली.”

अप्पा, म्हणजे मंजुश्रीचे वडील श्रीमंतराव, सरसावून बसले. “म्याडम, हराळी वरनं खुरपली तर आठ दिवसांत पुन्हा उभी ऱ्हाती. मुळापसून खणायलाच पायजे. पोट फाडा, तेवढं आतडं कापून टाका, इषय मिटला. भावकीत ठरलंय आमचं.”

डॉक्टरांनी कागदावर आतड्याची भिंत काढली. चार थर. गाठ सगळ्यात वरच्या थरावर. “खोल गेलेली दिसत नाही. भोवतालचं थोडं अस्तर घेऊन दुर्बिणीनंच काढू. मग ती तपासू. मूळ खोल निघालं तर मात्र ऑपरेशन.”

मंजुश्री एकेक वाक्य आईला मराठीत सांगत गेली. आईनं कागद जवळ ओढला, बोट ठेवून बघितला. सकाळपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

“दोन पानावरचं तण हाय म्हणा की,” ती म्हणाली. “ते बोटानं येतंय, मातीसकट. त्याला कुदळ कामून लावायलाव?”

वीस वर्षं तुरीत खुरपणारी बाई बोलत होती. मंजुश्रीला वाटलं, उठून टाळ्याच वाजवाव्यात!

“पण नंतर तपासणीला यायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “पहिल्यांदा काही महिन्यांनी, मग अधूनमधून, कितीतरी वर्षं. ऑपरेशन केलं तरी तपासणी सुटत नाही, पण इथं एकही चुकवून चालणार नाही.”

अप्पांना धागा सापडला. “बघा! दर बारीला आळंदहून गुलबर्ग्याला कोण आणणार? राशीच्या, मळणीच्या दिवसांत मी रान सोडू का? आन् हिला एकटीला स्टँडवरनं दवाखाना तरी घावंल का?”

आईनं कागद हळूच टेबलावर परत ठेवला. “ऱ्हाऊ द्या मग. फाडा पोट.”

मंजुश्री खुर्ची मागं सारून उभी राहिली.

“अप्पा, आई, ऐका. दहावी झाली की मी आळंदच्या कॉलेजात जाणार न्हाई. अकरावी-बारावीची पीयूसी हितंच करणार, गुलबर्ग्यात, हॉस्टेलला राहून. आईनं तिकडं नुसतं बसमधी बसायचं. हितं स्टँडवर मी उभी असते.”