कढई चढलेली आहे तोवर

दर्शनाने सुरमईची चौथी तुकडी तेलात सोडली. तिचा नवरा कॅरिबियन समुद्रातल्या एका मोठ्या बोटीवर कुक होता. तिकडच्या पद्धतीचा हा मासा त्यानेच तिला व्हिडिओ कॉलवर शिकवला होता. आधी कुरकुरीत तळायचा, मग कांदा, गाजर नि जहाल मिरची घातलेलं गरम व्हिनेगर वरून ओतायचं. "लोणच्यासारखो लागता," तो म्हणाला होता. त्यानंतर तिकडे वादळ झालं आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

सकाळी धाकटा दीर बोटीवर नोकरी लावणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात चौकशीला गेला आणि तिने कढई चढवली. "अगो, आज तळण?" शेजारच्या काकींनी खिडकीतून विचारलं. तिने पुढची तुकडी पिठात घोळवली. घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस कढई चढत नाही, तळलेलं कोणी तोंडात घालत नाही. म्हणजे कढई चढलेली आहे तोवर कोणी गेलेलं नाही, एवढंच तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

फाटक वाजलं. दिराची पावलं पायरीशी येऊन थांबली, ती हलेचनात. तुकडी करपायला लागली तरी तिला मागे वळवेना. मग तो आत आला. आता हा हात पुढे करून गॅस बंद करणार, तिला वाटलं, आणि तिने डोळे मिटले.

दिराने मोरीत हात धुतले, पाट ओढला आणि बसला.

"वयनी, एक तुकडी वाढ," तो घोगऱ्या आवाजात, पण हसत म्हणाला. "करपलेली आसली तरी चलात."