आजोबांचा नकार

दोन्ही तुकडे पालथे पडले.

"नाही," पुजारी चुंग म्हणाले. "आजोबा नाही म्हणतात."

देवळाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की त्यांना ओरडूनच सांगावं लागलं. सरपंच ग्वेई-लान गुडघ्यांवर बसली होती. तिने चंद्रकोरीसारखे ते लाकडी तुकडे पुन्हा उचलले, कपाळाला लावले आणि भूदेवाच्या पांढऱ्या दाढीच्या मूर्तीकडे बघत पुटपुटली, "आजोबा, डोंगर फाटलाय. लेकरांना खाली नेऊ ना?" एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. तिने टाकले. एक तुकडा फरशीवर गरगर फिरत राहिला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

पुन्हा दोन्ही पालथे.

सकाळी ती आल्याच्या शेतांच्या वर, उतारावर जाऊन आली होती. भेगेत तिचा हात कोपरापर्यंत गेला. तिथूनच तिने तालुक्याला फोन लावला. 'अजून हुकूम नाही, कळवतो' एवढं ऐकू आलं आणि फोन बंद पडला तो पडलाच. तेव्हापासून ती दारोदार फिरत होती. घसा पार बसला होता.

गाव हलायला तयार नव्हतं. मागच्या वादळात तिनेच सगळ्यांना खालच्या शाळेत नेलं होतं. फरशीवर झोपून अंग आखडलेली माणसं परत आली, तर गावात एक कौलही हललं नव्हतं. उपाशी कोंबड्या तेवढ्या मेल्या होत्या. आता तिच्या तोंडावर दारं लागत होती. शेवटी तिला टाळायला कोणीतरी म्हणालं, आजोबांना विचार, ते जा म्हणाले तर जाऊ. तेवढ्यावर ती सगळ्यांना घेऊन इथे आली होती.

"मिळालं उत्तर?" शेंग-फा म्हणाला. त्याचा निळा ट्रक देवळासमोरच उभा होता. "आता तरी घरी जाऊन चहा पिऊ द्या, सरपंचबाई. निवडणूक लांब आहे अजून."

लोक हसले.

ग्वेई-लान ऐकत होती. देवळामागचा ओढा सकाळपासून गर्जत होता, आणि आता त्याचा आवाज येत नव्हता. पाऊस तसाच, आणि ओढा गप्प. वर कुठेतरी माती घसरून पाणी अडलं होतं.

"ओढा!" ती म्हणाली. "अरे, ओढा ऐका!" फाटक्या घशातून नुसती हवा आली. कोणी वळून पाहिलं नाही.

ती उठली, चौथऱ्यावर चढली आणि तिने मूर्ती उचलली.

एकदम कल्लोळ झाला. चुंगांनी तिचं मनगट धरलं. "अगं पोरी, विचारल्याशिवाय देव हलवत नाहीत!"

"विचारलं की, काका. नाही म्हणाले. आता मी नेते. पाप माझ्या माथी."

तिने हात हिसकला, मूर्ती रेनकोटात गुंडाळली आणि पावसात पळत सुटली. मागून चुंग काहीतरी ओरडत होते, ते तिला कळलं नाही. ती ट्रकच्या मागच्या भागात चढली, मूर्ती पोटाशी धरून.

"चालव!"

"मी नाही चालवणार," मागोमाग धावत आलेला शेंग-फा म्हणाला. "वेड लागलंय तुम्हाला."

"मग आजोबांना पावसात भिजवणार आहेस?"

शेंग-फाने शिवी हासडली आणि स्टिअरिंगवर बसला.

तिच्या शब्दावर जे उंबरा ओलांडत नव्हते, ते आता देव परत आणायला धावले. "चोर! देव पळवला!" कोणी ट्रकला लोंबकळलं, कोणी स्कूटर काढली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन लोक निघाले, बायांनी तान्ही पोरं काखोटीला मारली. ज्या गावात देव नाही तिथे वादळाची रात्र कोण काढणार? कोणीतरी चुंगांच्या बायकोला दंडाला धरून ट्रकमध्ये चढवलं. पुलापर्यंत शिव्यांचा नुसता पाऊस पडत होता. ग्वेई-लान डोकी मोजत होती. हा आला, ती आली, ते आले.

"काकू," तिने विचारलं, "काका कुठल्या गाडीत?"

"ते मागे वळले," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, तू हो पुढे. धूपपात्र राहिलं ना देवळात. आजोबा त्या राखेत असतात. तू उचललंस ते लाकूड."

ग्वेई-लानने ट्रकच्या टपावर मुठी आपटल्या. शेंग-फाने ब्रेक दाबला, पण मागे रस्ताभर गाड्या लागल्या होत्या. वळायला जागा नव्हती. तिने मूर्ती काकूंच्या मांडीवर ठेवली, खाली उडी मारली आणि गाड्यांच्या कडेने चढावर पळाली. वळणावर तिचा पाय घसरला, ती हातांवर रांगत पुढे गेली.

तेव्हा तो आवाज आला. कोणीतरी दगडांनी भरलेला टेंपो उलटा करतंय आणि दगड संपतच नाहीत, असा. झाडं उभीच्या उभी खाली सरकली. देवळाचा लाल पत्रा एकदा वर आला आणि चिखलात गेला. माणसांनी तिला पायांना धरून मागे ओढलं.

शाळेच्या सभागृहात लोकांनी आजोबांना टेबल-टेनिसच्या टेबलावर बसवलं. तांदळाच्या डब्यात उदबत्त्या खोचल्या. एकेक जण येऊन गुडघे टेकत होता, रडत होता, पोरांची डोकी टेबलाला टेकवत होता. ग्वेई-लान भिंतीशी बसली होती. तिच्याजवळ कोणी आलं नाही.

काकू आल्या. हातात कोमट पाण्याचं भांडं आणि पंचा होता. त्या फरशीवर बसल्या, तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि नखांतला चिखल काढू लागल्या.

काकूंनी पंचा पिळला.

"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या, "धूपपात्र आधी उचल."