घरात आहे त्यात

शिवणकामाच्या कारखान्यातून कमी केल्याचं आईने लेकीला सांगितलं नव्हतं. ती रोजच्यासारखी सकाळी बाहेर पडायची आणि संध्याकाळी परतायची. रात्रीच्या जेवणात काटछाट कशी करायची, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात लेकीनेच सुट्टीपुरता स्वयंपाक हाती घेतला. अट एकच, बाजारातून काही आणायचं नाही, घरात आहे त्यात भागवायचं.

आईला नवल वाटलं. डब्याच्या तळाशी राहिलेली मसूर, सुरकुतलेली गाजरं, अर्धा कोबी. पोरगी त्यातूनच रोज काहीतरी चविष्ट करून वाढायची.

आज आईला राहवलं नाही. "हे खूळ कुठून शिरलं गं तुझ्या डोक्यात?"

"खूळ कसलं? चव बघ आधी." लेकीने वाटी पुढे केली.

"चव छानच आहे. पण एकाएकी हे का, ते सांग ना."

लेकीने गॅस बारीक केला.

"उद्यापासून दुपारचंही दोघींचं करणार आहे. तू घरीच जेव. बागेतल्या बाकावर एकटी बसून गार पोळी खातेस, ते मला बघवत नाही."